रात्री उशिरा फोन केला तरी चालेल

पत्र

सप्रेम नमस्कार. माझे वय ६७ वर्षे. नोकरीच्या निमित्ताने चार गावे बदलली, पती लवकर गेले, मुलाला एकटीने वाढवले आणि मध्यंतरी एका मोठ्या आजारपणातूनही निभावले. गेल्या महिन्यात घर बदलताना कपाटाच्या तळाशी पत्त्यांची जुनी वही सापडली. लाल पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. आवराआवर तशीच टाकून मी अख्खी दुपार ती वही वाचत बसले. काही नावांपुढे तीन पत्ते खोडून चौथा लिहिलेला आहे, काही माणसे आता या जगात नाहीत, तर काही नावे कोणाची हेच आठवत नाही. एका पानावर माझ्या मैत्रिणीने स्वतःच्या हाताने पेन्सिलीने लिहून ठेवले आहे : ‘रात्री उशिरा फोन केला तरी चालेल.’ आजारपणात तिने मला सांभाळले. पुढे आमच्यात असे काही बिनसले की गेली अकरा वर्षे आम्ही बोललेलो नाही.

त्या दुपारपासून मन भरून येते आणि त्याच वेळी अपराधीही वाटते. मुलगा लहान असताना शेजारच्या बाईंनी तीन वर्षे रोज दुपारी त्याला सांभाळले आणि ते गाव सोडताना मी घाईत त्यांना ‘येते’ एवढेच म्हणाले. पहिल्या नोकरीत ज्या वरिष्ठांनी मला काम शिकवले ते आता हयात नाहीत. मुलगा शिकायला बाहेर गेल्यावर रिकाम्या घरात मला आमच्या वाचनगटाने सावरले. तो गट वीस वर्षे दर पंधरवड्याला दोन तास भरतो. या सगळ्यांचे मी काहीच फेडले नाही. आता इतक्या वर्षांनी आभार मानले तर विचित्र वाटेल का? काही काम निघाले म्हणून आठवण झाली, असे त्यांना वाटेल का? मुलगा म्हणतो, सत्तरीला सर्वांना एकत्र बोलावू आणि तू सर्वांचे आभार मान. मला ते पटतही नाही आणि नाकारावेसेही वाटत नाही. काय करावे?

— वहीची मालकीण

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला एक शब्द मला सर्वांत आधी बाजूला काढून ठेवावासा वाटतो, कारण तुमच्या मनातला अपराधीपणा बराचसा त्या एका शब्दातून आलेला आहे. तो शब्द म्हणजे ‘फेडणे’. आपल्या भाषेत कर्ज फेडतात, उपकार फेडतात, आईवडिलांचे पांगही फेडतात. इतकेच काय, ‘आभार’ या रोजच्या शब्दातसुद्धा भार दडलेला आहे. त्यामुळे कोणी आपल्यासाठी काही केले की आपण नकळत हिशेब मांडायला बसतो आणि आपल्या बाजूने काहीच पडले नाही असे दिसले की ओशाळतो. पण याच भाषेत ‘कृतज्ञ’ हाही शब्द आहे आणि त्याचा अर्थ केलेले फेडणारा असा नाही, केलेले जाणणारा असा आहे. त्याच्या उलट शब्द ‘कृतघ्न’, म्हणजे केलेले मारून टाकणारा. हाती घेतलेली आवराआवर टाकून जी बाई अख्खी दुपार लाल पुठ्ठ्याची वही घेऊन बसते, तिने केलेले मारून टाकले असे कोणी म्हणू शकणार नाही. जाणण्याचे काम तुम्ही केलेले आहे. सांगण्याचे राहिले आहे आणि ते अजून करता येण्यासारखे आहे.

ऋण आणि कृतज्ञता या भावना वरवर सारख्या दिसतात, पण मनात त्या वेगवेगळ्या वागतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फिलिप वॉटकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात लोकांना मदतीचे प्रसंग वाचायला दिले होते आणि मदत करणाऱ्याला परतफेडीची किती अपेक्षा आहे, हा तपशील त्यांत बदलत ठेवला होता. अपेक्षा जसजशी वाढत गेली, तसतशी वाचणाऱ्यांची ऋणाची भावना वाढत गेली आणि कृतज्ञता मात्र कमी झाली. शेजारच्या बाईंनी तुमच्या मुलाला सांभाळले तेव्हा त्यांनी ते कोणत्याही खात्यावर लिहून ठेवले नव्हते. आज तुम्ही त्या तीन वर्षांच्या दुपारी कर्ज म्हणून मोजू लागलात, तर ज्या मनाने त्यांनी ते केले त्याच मनावर, तुमची तशी इच्छा नसताना, सावकारीचा शिक्का बसतो. म्हणून माझी पहिली विनंती अशी की वहीच्या कोणत्याही पानापुढे ‘बाकी’ असे मनातसुद्धा लिहू नका.

आता उशीर झाल्याच्या भीतीविषयी. ही भीती तुमच्या एकटीची नाही आणि ती बहुतेक वेळा चुकीची ठरते, हे मी केवळ धीर देण्यासाठी म्हणत नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना सांगितले होते की ज्याच्याबद्दल मनात कृतज्ञता आहे अशा व्यक्तीला पत्र लिहा आणि ते वाचून तिला काय वाटेल याचा अंदाजही नोंदवा. मग ज्यांना पत्रे पोचली त्यांना विचारण्यात आले. लिहिणाऱ्यांनी समोरच्याला वाटणाऱ्या संकोचाचा अंदाज वाजवीपेक्षा जास्त बांधला होता आणि त्याला होणाऱ्या आनंदाचा अंदाज बराच कमी. याचे एक कारण फार लक्षात ठेवण्यासारखे आहे : लिहिणारा आपल्याला नीट लिहिता येईल का, योग्य शब्द सापडतील का, या चिंतेत असतो आणि वाचणारा मात्र त्या पत्रातली ऊब पाहतो. शब्दांची कसोटी तुम्ही लावता. ते लावत नाहीत.

त्याहून तुमच्या प्रश्नाच्या जवळ जाणारे काम पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. बऱ्याच काळात संपर्क नसलेल्या ओळखीच्या माणसाला नुसती आठवण म्हणून दोन ओळी पाठवल्या, तर त्याला त्याचे किती मोल वाटेल, याचा अंदाज पाठवणाऱ्यांना येतच नाही, असे त्यांना आढळले. आणि ती आठवण जितकी अनपेक्षित, तितके ते मोल अधिक. म्हणजे ज्या उशिराला तुम्ही अडचण समजता, तोच उशीर तुमच्या पत्राचे मोल वाढवणारा ठरू शकतो. रोज भेटणाऱ्याने आठवण काढली तर माणूस हसून सोडून देतो. तीस वर्षांनी कोणी आठवण काढली तर तो ते पत्र घडी घालून ठेवतो.

हे मला स्वतःला घडले आहे म्हणून मी एवढ्या खात्रीने लिहिते. काही वर्षांपूर्वी एका बाईंचे पत्र आले. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एकाच कार्यालयात जेमतेम सहा-सात महिने एकत्र काम केले होते आणि खरे सांगायचे तर त्यांचा चेहराही मला नीट आठवत नव्हता. त्यांनी लिहिले होते की त्यांच्या पहिल्या दिवशी बसायला जागा नव्हती, तेव्हा मी माझ्या टेबलाचा खालचा खण रिकामा केला, त्याची किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि ‘हा तुमचा’ एवढेच म्हणून कामाला लागले. त्या घरून रडत निघाल्या होत्या आणि त्या किल्लीमुळे दुसऱ्या दिवशी परत आल्या. मी पत्र वाचून कितीतरी वेळ तशीच बसून राहिले, कारण तो खण, ती किल्ली, यांतले काहीही मला आठवत नव्हते. माझ्या आयुष्यातला एक बरा दिवस त्यांच्याजवळ जपून ठेवलेला होता आणि त्यांनी तो मला आणून दिला. तुमच्या वहीतल्या माणसांचेही असे काही ना काही तुमच्याकडे राहिलेले आहे. त्यांना ते स्वतःला आठवत असेलच असे नाही. तुम्ही ज्याला आभार मानणे म्हणता, ते पुष्कळदा ज्याची वस्तू त्याच्याकडे पोचती करणे असते.

कामापुरती आठवण काढली असे वाटेल, ही शंका राहिली. ती दूर करण्याचा उपाय साधा आहे. पत्रात कोणतीही मागणी करू नका, भेटीचीसुद्धा नाही आणि उत्तराचीही नाही. ‘हे पत्र काही कामासाठी नाही, उत्तर पाठवलेच पाहिजे असेही नाही’ हे वाक्य अगदी सुरुवातीलाच लिहावे, म्हणजे वाचणारा निर्धास्तपणे पुढचे वाचू शकतो. स्वतःच्या आयुष्याचा सविस्तर वृत्तान्तही त्या पत्रात नको. तो पुढच्या पत्रासाठी ठेवा, पुढचे पत्र झाले तर.

पत्रात काय असावे, यावर मात्र मी थोडी रेंगाळणार आहे, कारण बहुतेक आभार येथेच पातळ होतात. ‘तुमची फार मदत झाली, मी कधीही विसरणार नाही’ हे वाक्य खरे असले तरी ते कोणीही कोणालाही लिहू शकते आणि वाचणाऱ्याला तेवढ्यातून स्वतःची ओळख पटत नाही. सारा अल्गो यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात जोडप्यांची संभाषणे तपासली होती. आभार मानताना काही जण आपला काय फायदा झाला ते सांगत, तर काही जण समोरच्याने काय केले आणि त्यातून तो माणूस कसा दिसला ते सांगत. ऐकणाऱ्याला जवळीक वाटली ती या दुसऱ्या प्रकाराने. म्हणून शेजारच्या बाईंना ‘तुमच्यामुळे मला निश्चिंतपणे नोकरी करता आली’ असे जरूर लिहा, पण तेथे थांबू नका. मी तुमच्या जागी असते तर असे काही लिहिले असते : ‘मी कामावरून यायची तेव्हा तो तुमच्या दारातल्या पायरीवर बसलेला असायचा आणि तुम्ही त्याच्या शेजारी बसून त्याच्या न संपणाऱ्या प्रश्नांना उत्तरे देत असायच्या. मला यायला कितीही उशीर झाला तरी तुम्ही मला घड्याळ दाखवले नाही.’ पायरी खरी होती की नाही हे मला ठाऊक नाही. तुमची जी खरी आठवण असेल ती तिथे घाला. एक प्रसंग, एक वस्तू, एखादे त्यांनी उच्चारलेले वाक्य पुरेसे आहे. वहीतल्या ज्या नावापुढे असे एकही चित्र डोळ्यांसमोर येत नाही, त्याला अजून लिहू नका. आठवेपर्यंत थांबा.

आणि सगळ्यांना लिहिलेच पाहिजे असेही नाही. जी नावे कोणाची हेच आठवत नाही, त्यांच्याबद्दलचा सल तर मुळीच बाळगू नका. लॉरा कार्स्टेन्सन यांच्या दीर्घकाळच्या संशोधनातून हे पुढे आले आहे की वय वाढते तसे माणसाचे वर्तुळ लहान होते, पण ते बहुतांशी दूरच्या ओळखी गळून लहान होते आणि जवळची माणसे टिकून राहतात. पुढचा काळ मोजका आहे हे जाणवू लागले की मन आपोआप निवड करते. ही निवड म्हणजे निष्ठुरपणा नव्हे. एखाद्या गावातली आठ महिन्यांची सोबत तेवढ्याच काळासाठी होती आणि तेवढ्या काळात ती पुरती होती. आपल्याकडे मैत्री टिकली की खरी, तुटली की खोटी, असे सरसकट मानले जाते आणि मला ते कधीच पटलेले नाही. प्रवासात ज्याने सामान उचलायला हात लावला, तो पुढच्या थांब्यावर उतरून गेला म्हणून त्याचे उचलणे खोटे ठरत नाही.

हाच विचार मला तुमच्या त्या मैत्रिणीपर्यंत नेतो. तुमच्यात काय बिनसले ते तुम्ही लिहिलेले नाही आणि मी ते विचारणारही नाही, कारण मला जे सांगायचे आहे त्यासाठी त्याची गरज नाही. आजारपणात तिने तुम्हाला सांभाळले ही एक गोष्ट आणि पुढे तुम्ही दोघी दुरावलात ही दुसरी गोष्ट. नंतरच्या भांडणाने आधीची सेवा रद्द होत नाही, तशीच आधीच्या सेवेने नंतरची दुखापतही पुसली जात नाही. या अकरा वर्षांत तुम्ही बहुधा या दोन्ही गोष्टी एकाच तराजूत घालून पाहिल्या असतील आणि पारडे कधी इकडे तर कधी तिकडे झुकले असेल. तराजू खाली ठेवा. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी पूर्ण खऱ्या आहेत.

तिला लिहायचे असेल तर फक्त आजारपणातल्या दिवसांबद्दल लिहा. भांडणाचा उल्लेख नको, खुलासा नको आणि ‘झाले गेले विसरून जाऊ’ हे तर नकोच. विसरायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार अर्धा तिचा आहे आणि पत्रातून तो आपण परस्पर वापरू नये. चूक आपली होती असे तुम्हाला मनापासून वाटत असेल, तर क्षमा जरूर मागा, पण ती स्वतंत्र, सरळ वाक्यात मागा आणि आभारांच्या आडून मागू नका. आभारात गुंडाळलेली क्षमायाचना वाचणाऱ्याला पेचात पाडते, कारण ती नाकारायची झाली तर आभारही नाकारल्यासारखे होतात. उलट, त्या नात्यात तुम्हालाच खोल इजा झाली असेल आणि पुन्हा संबंध येण्याच्या कल्पनेनेच जीव घाबरा होत असेल, तर काहीही पाठवू नका. पत्र लिहून वहीच्या त्याच पानात ठेवले तरी चालेल.

फोन करू का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण पेन्सिलीची ती ओळ तुम्ही ज्या रीतीने पत्रात उतरवली आहे त्यावरून तो विचार मनात येऊन गेला असावा. पहिल्यांदा फोन नको, पत्रच बरे. अकरा वर्षांनी अचानक आवाज कानावर आला तर माणसाला त्या क्षणीच काहीतरी बोलावे लागते आणि त्या घाईत नको ते बोलले जाते. पत्र बाजूला ठेवता येते, आठ दिवसांनी पुन्हा वाचता येते, त्याला उत्तर न देण्याचीही मोकळीक असते. ती ओळ अजून वहीत आहे आणि तुम्ही ती पाहिली, एवढे तिला कळवा. ती ओळ आजही लागू आहे का, असे मात्र विचारू नका. लागू असेल तर ती स्वतः सांगेल. उत्तर आले नाही, तरी तिला जे कळायला हवे होते ते कळलेले असेल आणि तुमचे त्याहून अधिक काही करायचे उरणार नाही.

जे वरिष्ठ आता नाहीत त्यांच्याविषयी थोडक्यात सांगते. त्यांच्या मुलांपैकी किंवा घरच्यांपैकी कोणाचा पत्ता मिळत असेल तर त्यांना लिहा. आईवडील घराबाहेर कसे होते, कामाच्या ठिकाणी नवख्या मुलीशी कसे वागत, चूक झाली की काय म्हणत, हे मुलांना क्वचितच ठाऊक असते, आणि वडील गेल्यानंतर त्यांच्याविषयी काही नवे ऐकायला मिळण्याची आशा त्यांनी जवळजवळ सोडलेली असते. ‘ते फार थोर होते’ असे लिहू नका, ते सर्वांनी सांत्वनाला येऊन सांगून झालेले असते. त्यांनी तुम्हाला शिकवलेली एखादी नेमकी गोष्ट लिहा, जी तुम्ही निवृत्त होईपर्यंत तशीच करत राहिलात.

वाचनगटाचे प्रकरण वेगळे आहे, कारण तिथे उपकार कोणा एकाचा नाही आणि म्हणून पत्रही कोणा एकाला लिहिता येत नाही. मी थोडा हिशेब केला. दर पंधरवड्याला दोन तास म्हणजे वर्षाचे सुमारे ५२ तास आणि वीस वर्षांचे हजाराहून अधिक. जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात आणि जिवाभावाची मैत्री व्हायला २०० तासांहून अधिक. म्हणजे तुमच्या गटात येणाऱ्या नव्या माणसाला साधी मैत्री जुळेपर्यंत पूर्ण वर्ष लागते आणि जिवलग कोणी मिळायला चार वर्षे. तुमच्याही बाबतीत तसेच झाले असेल. पहिले वर्षभर तुम्ही येत राहिलात, कारण कोणीतरी खोली उघडत होते, कोणीतरी खुर्च्या मांडत होते, आणि तुम्ही एकदा आला नाहीत तर कोणीतरी दुसऱ्या दिवशी विचारपूस करत होते.

माणसे कशी जवळ येतात याचा एक जुना अभ्यास आहे. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवाहित विद्यार्थ्यांच्या एका वसाहतीत तो केला आणि १९५० मध्ये प्रसिद्ध केला. कोणाची कोणाशी मैत्री झाली हे पाहताना त्यांना आढळले की स्वभावापेक्षाही दारे किती जवळ आहेत, जिना आणि टपालपेट्या कोणाच्या दारावरून गेल्यावर लागतात, यावर पुष्कळ काही ठरत होते. तुमच्या गटात ही जिन्याची जागा कोणीतरी माणसाने भरून काढलेली असणार, कारण वीस वर्षे गट आपोआप भरत नाही. ती व्यक्ती कोण हे तुम्हाला माहीत आहे. तिला ‘गटासाठी तुम्ही किती करता’ असे म्हणू नका. खुर्च्या मांडायला अर्धा तास आधी जा, आणि पुढच्या वेळी गटात जो नवा माणूस कोपऱ्यात बसून कोणाशीच न बोलता निघून जाईल, त्याला पुढच्या पंधरवड्याच्या आदल्या दिवशी तुम्ही फोन करा. त्याचे पहिले ५० तास पूर्ण होईपर्यंत करत राहा. गटाचे देणे गटातच नव्याने आलेल्या माणसाकडे जाते. मला तर वाटते, हा एकच मार्ग त्याला आहे.

मुलाच्या प्रस्तावाकडे येते. त्याच्या मनात तुमच्याविषयी जे प्रेम आहे ते त्यात दिसते, म्हणून सरळ नाही म्हणू नका. पण आभारांचे काम त्या दिवसावर ढकलू नका. सभागृहात उभे राहून ‘सर्वांचे’ आभार मानले की प्रत्येकाच्या वाट्याला येते ते फारच थोडे, आणि ज्याचे नाव राहून जाईल त्याच्या मनात मात्र ते कायम राहते. शिवाय आणखी एक गोष्ट आहे. मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांनी अशा व्यक्तीला पत्र लिहून स्वतः नेऊन दिले होते, जिचे आभार कधी नीट मानायचे राहून गेले होते. पत्र नेऊन देणाऱ्यांच्या मनःस्थितीत मोठी सुधारणा झाली आणि ती साधारण महिनाभर टिकली. काही जण यावर म्हणतील की परिणाम महिन्यात ओसरतो, मग उपयोग काय? मी त्यातून उलट अर्थ घेते. सत्तरीला अजून तीन वर्षे आहेत. महिन्याला एक पत्र लिहिले तर ती ३६ होतात, आणि मला वाटते, तुमच्या वहीतली खरोखर जवळची माणसे त्याहून अधिक नसतील.

मग सत्तरीचा दिवस वेगळ्या कामासाठी मोकळा राहील. चार गावांतली ही माणसे एकमेकांना ओळखत नाहीत; त्यांना जोडणारा धागा फक्त तुम्ही आहात. त्या दिवशी भाषण करू नका. वसतिगृहातल्या मैत्रिणीला, असेल तर, वाचनगटातल्या कोणाकडे घेऊन जा आणि तिने एकदा तुमच्यासाठी काय केले ते तिच्यासमोर त्या दुसऱ्या माणसाला सांगा. अशी ओळख करून देत सबंध सभागृहातून फिरा. हे एका संध्याकाळी पुरे होणार नाही, पण ज्यांच्यापर्यंत तुम्ही पोचाल ते पुढची संध्याकाळ एकमेकांशीच बोलत बसतील.

मैत्रीने आयुष्य वाढते, आरोग्य सुधारते, असे सांगणारे संशोधन आज विपुल आहे. हार्वर्ड विद्यापीठाचा १९३८ मध्ये सुरू झालेला आणि अजून चालू असलेला अभ्यासही उबदार नात्यांचा संबंध उतारवयातल्या आरोग्याशी जोडतो. मला त्याचा आनंद आहे. पण तुम्हाला मी पत्रे लिहायला सांगते आहे ती तब्येतीसाठी नाही. ती माणसे होती आणि त्यांनी जे केले ते खरोखर घडले, याची साक्ष आता बऱ्याच ठिकाणी तुमच्याशिवाय कोणापाशी उरलेली नाही, म्हणून सांगते आहे.

सुरुवात शेजारच्या बाईंपासून करा, कारण त्यांचे वय तुमच्याहून अधिक असणार आणि येथे मात्र उशीर खरोखर होऊ शकतो. पहिले वाक्य सुचत नसेल तर ते तुमच्याच पत्रात आहे : ‘मी येते म्हणून निघाले होते.’ आपण निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो, आणि तुम्ही आता त्या शब्दाप्रमाणे परत जात आहात. पत्ता बदलला असेल तर शोधण्याचे काम मुलावर सोपवा. पत्र लिहून झाले की खाली चार ओळींची जागा मोकळी ठेवा आणि कागद त्याच्यापुढे सरकवा, कारण त्या दुपारी तुमच्याहून अधिक त्याच्या आहेत. त्याला काय आठवते ते त्याला त्याच्या अक्षरात लिहू द्या. पाकीट बंद करण्यापूर्वी ते वाचू नका.